तिसऱ्या विमानवाहू नौकेआधी गोदीचा हिशेब द्या

जून २०२५ मध्ये ब्रिटनच्या 'प्रिन्स ऑफ वेल्स' या विमानवाहू नौकेवरचं एक एफ-३५बी विमान तिरुवनंतपुरमला उतरलं. त्याच्या हायड्रॉलिक यंत्रणेत बिघाड निघाला आणि महिनाभराहून जास्त काळ ते तिथेच अडकून पडलं. समाजमाध्यमांवर त्याची यथेच्छ टिंगल झाली. २०२२ मध्ये हीच नौका पोर्ट्समथहून निघून आइल ऑफ वाइटजवळच बंद पडली, तेव्हाही असंच झालं होतं. आपल्या 'विक्रमादित्य'वर आग लागल्याची किंवा ती पुन्हा दुरुस्तीला गेल्याची बातमी आली की वादाला वेगळं वळण लागतं. एक बाजू म्हणते, हा पांढरा हत्ती आहे, तो पोसणं थांबवा आणि त्या पैशात पाणबुड्या घ्या. दुसरी म्हणते, नौदलाच्या मानबिंदूबद्दल असं बोलणं शोभत नाही, उलट तिसरी विमानवाहू नौका ताबडतोब मंजूर करा. दोन्ही बाजू जहाजाबद्दल तावातावाने बोलतात. ते जहाज ज्या गोदीत जातं, ज्या गोदामातून त्याचे सुटे भाग येतात, जे फिटर आणि वेल्डर त्याच्या पोटात उतरतात, त्यांच्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

माझं म्हणणं असं की विमानवाहू नौका बिघडते, या एका गोष्टीवरून ती हवी की नको हे ठरत नाही. बिघडल्यावर ती किती दिवसांत परत समुद्रात जाते आणि तोवर तिची जागा कोण घेतं, यावरून ते ठरतं. भारताला तिसरी विमानवाहू नौका लागेल, असं मलाही वाटतं. पण ती मंजूर करणाऱ्या कागदावरच तिच्यासाठीची गोदी, सुटे भाग, दुरुस्तीचं मनुष्यबळ आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांच्या देखभालीचा पैसा मंजूर झाला पाहिजे. तसं होणार नसेल तर ते जहाज घेऊ नये, आणि आधी हाताशी असलेल्या 'विक्रमादित्य' आणि 'विक्रांत' या दोन नौका धडधाकट ठेवाव्यात.

अशा जहाजात बिघडण्यासारखं किती असतं, याची कल्पना आधी यायला हवी. 'विक्रमादित्य' सुमारे ४५ हजार टनांची आहे. आठ बॉयलर, जहाजाचे पंखे फिरवणारे चार शाफ्ट, वीजनिर्मिती, गोडं पाणी करणारी यंत्रं, विमानं वर-खाली नेणाऱ्या लिफ्ट, उतरणारं विमान अडवणाऱ्या पोलादी तारा, दारूगोळ्याची कोठारं, आणि सोळाशेच्या आसपास माणसांचं स्वयंपाकघर व सांडपाणी. हे सगळं खाऱ्या हवेत आणि सतत हादऱ्यांत चालतं. जून २०१६ मध्ये कारवारला तिची दुरुस्ती चालू असताना सांडपाणी प्रक्रियेच्या विभागात विषारी वायू सुटला आणि दोघांचा जीव गेला. एक नौदलाचा माणूस होता, दुसरा कंत्राटदाराचा कामगार. तोफा नाहीत, क्षेपणास्त्रं नाहीत, मैल्याची टाकी. अमेरिकेच्या 'जेराल्ड फोर्ड'चंही असंच. तिच्या शौचालयांची नळयंत्रणा इतकी तुंबते की ती आम्लाने धुवावी लागते आणि अशा एका धुलाईचा खर्च सुमारे चार लाख डॉलर येतो, असं त्यांच्याच सरकारी लेखापरीक्षकांनी २०२० मध्ये लिहिलं. तिच्या अकरा दारूगोळा-लिफ्टपैकी शेवटची ताब्यात यायला २०२१ चा डिसेंबर उजाडला. नौका नौदलात दाखल झाली होती जुलै २०१७ मध्ये.

आपल्या नौकेच्या बॉयलरची गोष्ट जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे. सोव्हिएत काळात 'बाकू' या नावाने १९८७ मध्ये दाखल झालेल्या या जहाजाच्या बॉयलर-खोलीत १९९४ मध्ये स्फोट झाला आणि दोन वर्षांनी रशियाने ते सेवेतून काढलं. २००४ मध्ये आपण ते घेतलं. जहाज जवळपास फुकट आणि नूतनीकरणाचे ९७.४ कोटी डॉलर, असा तो व्यवहार होता. नौका हातात येईपर्यंत हा आकडा २३५ कोटी डॉलरच्या आसपास गेला. सप्टेंबर २०१२ मध्ये समुद्रचाचणीत तिला पूर्ण वेगाने पळवलं, तेव्हा आठपैकी सात बॉयलर कामातून गेले. कारण होतं भट्टीच्या आतलं अस्तर. ॲस्बेस्टॉस आरोग्याला घातक म्हणून भारताने ते नाकारलं होतं, ते बरोबरच होतं. त्याजागी बसवलेल्या अग्निविटांना पूर्ण दाबाची उष्णता सोसली नाही. विटांचं अस्तर ढासळलं आणि आगीची धग नको तिथे पोचली. बाहेरून पाहणाऱ्याला रंगवलेलं, चकचकीत, विमानं उतरवून घेणारं जहाज दिसत होतं. आतल्या काही विटांनी त्याचं आगमन वर्षभर पुढे ढकललं. ती अखेर नोव्हेंबर २०१३ मध्ये सेव्हरोद्विन्स्कला नौदलात दाखल झाली.

बिघाडाला हसणाऱ्यांनी आणि बिघाड झाकणाऱ्यांनी, दोघांनीही जुन्या 'विक्रांत'चा इतिहास वाचावा. १९६५ चं युद्ध सुरू झालं तेव्हा देशाची एकुलती एक विमानवाहू नौका मुंबईत गोदीत दुरुस्तीला होती. पाकिस्तानने ती बुडवल्याचा प्रचार केला, तो खोटा होता. पण खरं काय होतं? युद्धाच्या हिशेबात ती नव्हतीच. मग १९७० मध्ये तिच्या चार बॉयलरपैकी एकाच्या पाण्याच्या ड्रमला भेगा आढळल्या. त्या वेल्डिंगने बुजण्यासारख्या नव्हत्या, नवा ड्रम देशात बनत नव्हता, ब्रिटनहून यायचा होता. तो येईपर्यंत जहाज बांधून ठेवायचं, हाच नियमाला धरून असलेला मार्ग होता. नौदलप्रमुख ॲडमिरल नंदांनी ती बाकीच्या बॉयलरवर, वेग कमी ठेवून बाहेर काढायचं ठरवलं. पश्चिमेला न नेता तिला पूर्वेला पाठवलं. ४ डिसेंबर १९७१ ला तिच्यावरून उडालेल्या आठ सी हॉक विमानांनी कॉक्स बझारवर हल्ला चढवला, त्याच दिवशी चितगाववरही. तिच्याच शोधात आलेली पाकिस्तानची 'गाझी' ही पाणबुडी तोवर विशाखापट्टणमजवळ बुडाली होती.

ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, सांगायलाच हवी. पण तिच्यातून निघणारा अर्थ बहुतेक वेळा उलटा काढला जातो. 'बघा, लंगड्या बॉयलरवरही जिंकलो' असं म्हणून देखभालीचा प्रश्न किरकोळ ठरवला जातो. विमानवाहू नौकेचा वेग नुसता पळण्यासाठी नसतो. वाऱ्यात तोंड घालून ती जितकी जोरात जाईल तितका वारा विमानाच्या पंखांखाली मिळतो, आणि त्यावर विमान किती वजन घेऊन उडेल हे ठरतं. वेग घटला की बॉम्ब घटतात, इंधन घटतं, वारा पडलेल्या दिवशी उड्डाणंच अडतात. पूर्वेच्या समुद्रात शत्रूचं हवाई दल पहिल्या काही दिवसांतच जमिनीला खिळलं, म्हणून ते धाडस पेललं गेलं. पश्चिमेला, कराचीसमोर, तीच नौका त्याच बॉयलरवर पाठवायला कोणी धजावलं असतं का? ज्यांनी तिला बाहेर काढलं त्यांच्या हिमतीला तोड नाही. एक ड्रम वेळेत न मिळाल्यामुळे त्यांना ती हिंमत करावी लागली, ही मात्र व्यवस्थेची हार होती. दहा वर्षांत दोन युद्धं आली, एकात जहाज गोदीत आणि दुसऱ्यात अधू.

आता विरोधकांचा पहिला मोठा मुद्दा घेऊ. बिघाड सगळ्यांचेच होतात, मग आपलाच बाऊ कशाला, असं नौदलाची बाजू घेणारे म्हणतात. ते खरं आहे. 'प्रिन्स ऑफ वेल्स'च्या उजव्या शाफ्टचं कपलिंग, म्हणजे त्याचा जोड, तुटलं आणि ती कित्येक महिने रोसाइथच्या गोदीत पडून राहिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये नाटोच्या मोठ्या सरावाला निघायच्या आधी तिची बहीण 'क्वीन एलिझाबेथ' हिच्याही उजव्या शाफ्टच्या कपलिंगमध्ये दोष सापडला. फ्रान्सच्या 'शार्ल द गोल'च्या पंख्याचं पातं नोव्हेंबर २००० मध्ये चाचणीतच तुटलं. राखीव पंखेही सदोष निघाले, म्हणून तिला निवृत्त जहाजांचे जुने पंखे लावून कमी वेगाने चालवलं. यातला एकही देश गबाळा नाही. पण पुढे काय झालं ते बघा. 'क्वीन एलिझाबेथ'ला ४ फेब्रुवारीला निघायचं होतं. ती थांबली आणि १२ फेब्रुवारीला 'प्रिन्स ऑफ वेल्स' तिच्याऐवजी बाहेर पडली. आठ दिवसांत अदलाबदल. फ्रान्सकडे बदली जहाजच नाही. 'शार्ल द गोल' २०१७ पासून सुमारे दीड वर्ष मोठ्या दुरुस्तीला गेली, तेव्हा फ्रेंच वैमानिकांना सराव टिकवायला २०१८ मध्ये आपली रफाल विमानं घेऊन अमेरिकन नौकेवर जावं लागलं. बिघाड दोघांकडे झाले, पण त्यांची किंमत सारखी पडली नाही.

अमेरिकेला हे गणित इतकं पटलेलं आहे की किमान अकरा विमानवाहू नौका असाव्यात, असं तिथे कायद्यातच लिहिलंय. एवढ्या कशाला? कारण त्यातल्या काही कायम दुरुस्तीत, काही सरावात आणि उरलेल्या मोहिमेवर असतात. 'जॉर्ज वॉशिंग्टन' इंधन बदलून मधल्या वयाची डागडुजी करायला २०१७ मध्ये गोदीत गेली. काम चार वर्षांचं होतं, ती परतली मे २०२३ मध्ये. 'तीन हव्यात' या आपल्या नौदलाच्या मागणीमागेही हाच विचार आहे आणि तो चुकीचा नाही. एक गोदीत, एक पश्चिमेला, एक पूर्वेला. पण या गणितात 'एक गोदीत' हे गृहीत धरलेलं आहे. तिच्यासाठी गोदी मोकळी आहे का, तिथे भाग वेळेवर येतात का, ती ठरल्या दिवशी बाहेर येते का, हे कोण विचारतं? दुरुस्ती लांबत गेली तर तीन जहाजांचा देशही हळूहळू एका जहाजावर येतो.

गोदी गेली की काय होतं, याचं सर्वांत बोलकं उदाहरण रशियाचं आहे. 'ॲडमिरल कुझनेत्सोव्ह' ही त्यांची एकमेव विमानवाहू नौका ज्या निकोलायेव्हच्या गोदीत जन्मली, तिथलीच आपली 'विक्रमादित्य'ही. कुझनेत्सोव्ह काळा धूर ओकत फिरायची आणि लांबच्या सफरीवर तिच्यासोबत ओढून आणणारी टगबोट असायची. तरी ती फिरायची. ३० ऑक्टोबर २०१८ च्या रात्री मुर्मन्स्कजवळ ती 'पीडी-५०' या अवाढव्य तरंगत्या गोदीत असताना गोदीची वीज गेली आणि गोदीच बुडाली. जाता जाता तिची क्रेन जहाजाच्या डेकवर कोसळली. एवढं जहाज मावेल अशी दुसरी गोदी त्या किनाऱ्यावर नव्हती. जमिनीवरच्या दोन गोद्या जोडून एक करावी लागली. मधल्या काळात, डिसेंबर २०१९ मध्ये, वेल्डिंगच्या कामातून आग लागून माणसं दगावली. जहाज तेव्हापासून लढाईच्या कामाचं राहिलेलं नाही. ब्राझीलने २००० मध्ये फ्रान्सची जुनी 'फॉश' घेऊन तिचं 'साओ पावलो' केलं. पुढे वाफेची नळी फुटून माणसं मेली, त्यानंतर दुरुस्त्यांचा फेरा सुटला नाही, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये कोणतंच बंदर घेईना म्हणून तिला अटलांटिकमध्ये बुडवलं. थायलंडची 'चक्री नरुएबेत' १९९७ मध्ये आली, पाठोपाठ आर्थिक संकट आलं, २००६ मध्ये तिची विमानंही निवृत्त झाली. ती आजही आहे, बहुतेक वेळ धक्क्याला. हे तिन्ही देश जहाज मिळवताना कमी पडले नव्हते.

मग आपलं काय? इथे थोडं बरं चित्र आहे, आणि ते मान्य केलं पाहिजे. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईच्या नौदल गोदीत २८१ मीटर लांबीची, विमानवाहू नौकांसाठीची सुकी गोदी सुरू झाली. जानेवारी २०२४ मध्ये कोची शिपयार्डची ३१० मीटरची नवी गोदी झाली, खर्च सुमारे १,८०० कोटी. नोव्हेंबर २०२४ अखेर 'विक्रमादित्य'च्या दुरुस्तीचा १,२०७.५ कोटींचा करार याच शिपयार्डशी झाला. म्हणजे ही नौका आता रशियावर पूर्वीइतकी अवलंबून नाही, आणि ही मोठी गोष्ट आहे. पण कारवार, जे तिचं घर, तिथली जहाज उचलणारी शिपलिफ्ट १० हजार टनांची आहे. ४५ हजार टनांच्या जहाजाला तिचा उपयोग नाही. दर वेळी तळ साफ करायला, शाफ्ट आणि पंखे तपासायला तिला कोची किंवा मुंबई गाठावी लागते. आता तिसरी नौका कोचीतच बांधायची ठरली, तर आजच्या 'विक्रांत'च्या अनुभवावरून काय दिसतं? तिचा कणा फेब्रुवारी २००९ मध्ये ठेवला, ती नौदलात आली सप्टेंबर २०२२ मध्ये. तेरा वर्षांहून जास्त. त्या काळातला बराच वेळ तिने गोदी अडवली. पुढच्या वेळी हा काळ निम्मा झाला असं धरलं, तरी त्या वर्षांत तिथलेच इंजिनिअर, तिथल्याच क्रेन, तिथलेच वेल्डर दोन्ही कामांना पुरवायचे आहेत. शिवाय कोची शिपयार्डला व्यापारी जहाजांच्या ऑर्डरही असतात. नवं बांधकाम चालू असताना 'विक्रमादित्य' आणि 'विक्रांत' दोघींच्या दुरुस्तीच्या वेळा जुळून आल्या तर कुठली आधी?

जहाजाइतकाच त्यावरच्या विमानांचा प्रश्न. २०१६ च्या अहवालात कॅगने मिग-२९के विमानांबद्दल जे लिहिलं ते वाचताना अंगावर काटा येतो. उड्डाणाला तयार असण्याचं प्रमाण १५.९३ ते ३७.६३ टक्के. २०१० मध्ये ती दाखल झाल्यापासून ४० इंजिनं रचनेतल्या दोषांमुळे काढून टाकावी लागली होती, म्हणजे एकूण इंजिनांच्या ६२ टक्के. दाबोळीला 'आयएनएस हंसा'वर ही विमानं उभी, समोर कोट्यवधींची नौका, आणि शंभरातली पंधरा-वीस-पस्तीसच उडण्याजोगी. हीच खरी रिकामी नौका. या अनुभवातून काही शिकलो, असं एप्रिल २०२५ च्या रफाल-एम करारावरून वाटतं. सुमारे ६३ हजार कोटींच्या त्या करारात २६ विमानांबरोबर प्रशिक्षण, सिम्युलेटर, शस्त्रं आहेतच, पण विमानं किती टक्के तयार ठेवली यावर आधारलेलं देखभालीचं कलमही आहे. विकणाऱ्याचं काम विमान सोपवून संपत नाही, ते उडत राहण्याची जबाबदारीही त्याच्यावर येते. जे विमानांना सुचलं ते जहाजाला का लावू नये? टर्बाइन, लिफ्ट, अडवणाऱ्या तारांची यंत्रणा, वीजनिर्मिती, या प्रत्येकाच्या करारात असं कलम घालायला काय हरकत आहे?

विमानवाहू नौकाच नको, म्हणणाऱ्यांचा मुद्दा याहून वजनदार आहे. जनरल बिपिन रावत सरसेनाध्यक्ष असताना त्यांनी तो उघडपणे मांडला होता. पाण्यावरचं एवढं मोठं जहाज उपग्रहाला दिसतं, क्षेपणास्त्राला सापडतं, त्याला जपायलाच सगळा ताफा लागतो, त्यापेक्षा पाणबुड्या घ्या. चीनची लांब पल्ल्याची जहाजविरोधी क्षेपणास्त्रं पाहता ही भीती खरी आहे. भारताचा द्वीपकल्प आणि अंदमान हेच न बुडणारे तळ आहेत, हेही खरं. तरीही हिंदी महासागराच्या दक्षिणेला, किनाऱ्यापासून हजार-दीड हजार मैलांवर आपल्या मालवाहू जहाजांना हवाई छत्र द्यायचं तर किनाऱ्यावरचं विमान तिथे किती वेळ टिकणार? मे २०२५ मध्ये 'विक्रांत'चा ताफा उत्तर अरबी समुद्रात पुढे नेऊन ठेवला, तेव्हा शत्रूला त्याचा विचार करावाच लागला. पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. पाणबुडी घेतली की देखभालीतून सुटका होते, असं कोणी सांगितलं? १४ ऑगस्ट २०१३ ला मुंबईच्या धक्क्यावर 'सिंधुरक्षक'मध्ये स्फोट होऊन १८ जण गेले. सहा महिन्यांनी, २६ फेब्रुवारी २०१४ ला, मुंबईजवळच्या समुद्रात 'सिंधुरत्न'मध्ये आग लागून दोन अधिकाऱ्यांचा जीव गेला. वेळेत न बदललेल्या बॅटऱ्यांची चर्चा झाली, आणि नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. ज्या व्यवस्थेत बॅटरी वेळेवर येत नाही तिथे शाफ्टही येत नाही. नौकेऐवजी पाणबुडी असं नाव बदलल्याने ते दुखणं जात नाही.

दुरुस्तीची जागाही सुरक्षित असायला लागते. डिसेंबर २०१६ मध्ये 'बेतवा' ही युद्धनौका मुंबईत सुक्या गोदीतून काढताना आडवी झाली, दोघे गेले. जुलै २०२४ मध्ये 'ब्रह्मपुत्रा'ला मुंबईत दुरुस्ती चालू असताना आग लागली आणि ती धक्क्यालाच कलंडली, एक खलाशी गेला. ज्या गोदीचा इतिहास १७३५ पासूनचा आहे, जिथल्या वाडियांनी बांधलेलं १८१७ चं 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये तरंगतं आहे, तिथे हे व्हावं हे मनाला लागतं. मला यात एकट्या कामगाराची चूक दिसत नाही. दुरुस्तीचं काम लिलावातल्या सर्वांत कमी बोलीवर जातं, कंत्राट बदललं की माणसं बदलतात, आणि बॉयलरच्या आत रांगत जाऊन नळीच्या आवाजावरून दोष ओळखणारा माणूस निवृत्त झाला की त्याच्यामागे कोणी तयार नसतं. जहाजाचं जलावतरण थेट प्रक्षेपित होतं. अशा माणसाच्या हाताखाली पाच पोरं शिकायला ठेवण्याचा खर्च मात्र कुठल्याच भाषणात येत नाही.

कोकणातल्या कुठल्याही बंदरात जून लागला की होड्या वर ओढून शाकारतात, तळ खरवडतात, फळ्या बदलतात, रंग-तेल देतात, आणि नारळी पौर्णिमेनंतरच त्या पाण्यात जातात. या दोन महिन्यांच्या खर्चाला कोणी नुकसान म्हणत नाही. मराठ्यांच्या राज्यालाही हे कळत होतं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराबद्दल जे सांगितलंय त्यात पावसाळ्यात जहाजांची छावणी कुठे करावी हे आहे, लाकूड कसं आणावं हे आहे, आणि मुख्य म्हणजे आरमाराचा खर्च बंदरांच्या आवकजावक पैशावर न ठेवता मुलखातून त्याची वेगळी नेमणूक करून द्यावी, असं आहे. व्यापाऱ्यांना त्रास होऊन बंदरं ओस पडू नयेत, हा त्यातला दुसरा हेतू. खर्चाची नेमणूक आधीच, आणि कमी-जास्त होणाऱ्या कमाईपासून वेगळी. तीनशे वर्षांपूर्वीच्या राज्यकारभाराला जे सुचलं ते आज तीस-चाळीस वर्षं चालवायची नौका घेताना का सुचू नये?

एक आक्षेप उरतो, गुप्ततेचा. नौकांची तयारी किती हे जाहीर केलं तर शत्रूला कळेल. यात तथ्य आहे, आणि कुठलं जहाज कुठल्या तारखेला उपलब्ध नाही हे कोणी मागत नाही. पण गोदीत उभं असलेलं अडीचशे मीटरहून लांब जहाज उपग्रहाच्या चित्रात कोणालाही दिसतं. कॅगने मिगची टक्केवारी छापली म्हणून आपलं काही बिघडलं नाही, उलट पुढचा करार सुधारला. ब्रिटनचे संरक्षणमंत्री त्यांच्या संसदेत शाफ्टच्या दोषांची उत्तरं देतात आणि त्यांचं नौदल तरीही जगभर फिरतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये तीच 'प्रिन्स ऑफ वेल्स' आपल्या पश्चिम किनाऱ्यावर 'कोकण' सरावात 'विक्रांत'च्या बरोबरीने उतरली होती.

मागणी तशी मोठी नाही. संरक्षण मंत्रालयाने दर वर्षी संसदेच्या स्थायी समितीला, बंद दाराआड का होईना, चार आकडे द्यावेत. प्रत्येक नौकेची दुरुस्ती किती दिवसांची ठरली आणि किती दिवस लागले. देखभालीला मंजूर झालेल्या पैशातला किती वेळेत हातात आला. महत्त्वाचे किती सुटे भाग अजूनही एकाच परदेशी कारखान्यावर अवलंबून आहेत. आणि गोदीतल्या कुशल जागांपैकी किती रिकाम्या आहेत. या चारांची उत्तरं समाधानकारक असतील तर तिसऱ्या नौकेला हरकत घेण्याचं कारण उरत नाही. नसतील तर आधी कारवारला ४५ हजार टनांचं जहाज घेणारी सुकी गोदी पुरी करा आणि मुंबई-कोचीत दुरुस्तीसाठी वेगळी, कायमची, बांधकामाकडे न वळवता येणारी पथकं उभी करा. तिसऱ्या जहाजाचा कणा ज्या वर्षी ठेवाल, त्याच वर्षी 'विक्रमादित्य' कुठल्या गोदीत असेल, हे त्या फाइलवर लिहिलेलं असलं पाहिजे.